बारा पॉइंट सहा

रात्री दोनला जाग आली ती शांततेनं.
बॅरीचं श्वासाचं यंत्र बंद पडलं होतं
आणि त्याचं जुनं घोरणं परत आलं होतं,
मध्येच अडणारं, मला आकडे मोजायला लावणारं.
सात. आठ. नऊ.
मी कोपरानं ढोसलं. तो कुशीवर वळला,
"सकाळी बघू गं, ग्लेनिस."

सकाळ चार तासांवर.
पुढचा पेट्रोल पंप एकशे ऐंशी किलोमीटरवर.
नलारबॉरला झाड नाही, दिवा नाही,
आमचा तर नाहीच नाही.

वॅग्गाच्या शाळेत एकतीस वर्षं
मी मुलांच्या प्रयोगांची मांडामांड केली.
टॉर्च दातांत धरला, मीटर काढला.
लाल टोक धनावर, काळं ऋणावर :
बारा पॉइंट सहा. बॅटरी ठणठणीत.
चौदा फ्यूज एकेक करून उजेडापुढे धरले,
एकाचीही तार तुटलेली नाही.
पलंगाशेजारच्या सॉकेटमध्येही बारा पॉइंट सहा.

मग यंत्र लावलं, आणि लावलेलं असतानाच मोजलं.
नऊ पॉइंट चार.
काढलं, की पुन्हा बारा पॉइंट सहा, साळसूद.

काही न मागता विचारलं तर
सगळेच बारा पॉइंट सहा असतात.
डॉक्टरांसमोर बॅरी असाच बसतो,
पाय हलवत, "मी? एकदम मजेत."

तीन व्होल्ट वाटेत कोण खात होतं?
जायची तार स्वच्छ होती.
परतीची शोधत गाडीखाली शिरले,
पाठीला खडी, नाकाला चेसिस, एकाहत्तराव्या वर्षी.
पायरीच्या मागे अर्थिंगचा बोल्ट,
हिरवा, फुगलेला, खारट :
सेडुनाच्या किनाऱ्यावरचे ते पंधरा दिवस.
मासे एकूण चार मिळाले होते.

बॅटरीची कळ बंद केली. पाना तेरा नंबरचा.
सँडपेपर सापडेना,
म्हणून नखांची कानस झिजवली
धातू चकाकेपर्यंत. आवळलं.
कळ लावली.

आतून तो सुस्कारा आला,
ज्याच्यासाठी पाच वर्षं मी कानांत बोळे घालते आहे.

लांबून एक रोड ट्रेन आली, गाडी हलवून गेली.
मी पायरीवर बसून होते, गाऊन धुळीनं माखलेला,
उगाच मोजत.
तीन. चार. तीन. चार.

सकाळी चहा ओतताना तो म्हणाला,
"बघ, उगाच घाबरतेस.
आपोआप सुरू झालं की नाही?"