मुद्देमाल क्रमांक ११७

चौदा वर्षं मी मालखान्यात आहे.
चॉपर, मोबाइल, बनावट नोटा, एकदा देवाची पितळी प्रभावळ,
प्रत्येकाला सुतळी, लाखेचं सील, कागदी लेबल
आणि लेबलावर माझं अक्षर.
अक्षर चांगलं म्हणूनच इथे टाकलं मला.

एकशे सतराचं लेबल मात्र दोनदा लिहिलं.
पहिल्यांदा लिहिलं 'रेडकू'.
साहेब म्हणाले, रेडकू जिवंत असतं.
मग लिहिलं:
'कातडी एक, म्हशीच्या पिल्लाची, आत पेंढा,
पाय चार, बांबूचे. डोळे नाहीत.
अंदाजे किंमत रुपये शून्य.'

गुन्हा तसा साधा.
पहाटे पावणेचारला ओशिवरा नाल्याच्या कठड्यावरून
गोण्या टाकताना टेंपोवाला सापडला.
सात खाली, आठवी हातात.
पंच म्हणून बेकरीवाला मिरांडा, कोपरापर्यंत मैदा,
गोणीत डोकावायचा आणि दर वेळी छातीवर क्रूस काढायचा.
पंचनाम्यात हे नाही.
पंचनाम्यात आहे: सर्व नर. वय चार ते नऊ दिवस.
आणि परळच्या डॉक्टरांच्या अहवालात एकच ओळ:
जठरात दूध आढळले नाही.

टेंपोवाला उमाप म्हणाला, खेपेला तीनशे मिळतात.
पालिकेची गाडी बोलावली की नोंद होते,
नोंद झाली की विचारतात, एवढे कसे मेले.

तबेल्यात मालक परगावी होता.
होता रामउजागीर, धार काढणारा.
कुणी न विचारताच त्याने दाखवलं,
हे असं पुढ्यात ठेवायचं,
म्हैस हुंगते, चाटते, मग पान्हा सोडते.
एक चाटतच होती.
शिवण उसवून पेंढा तिच्या जिभेला लागत होता,
ती थांबत नव्हती.
"इसको समझता नहीं क्या?" साहेबांनी विचारलं.
"दूध तो देती है, साहब."

ओढूनच घ्यावं लागलं.
जप्त्या खूप केल्या मी,
पण कुणी इतका वेळ बघत राहिलं नव्हतं.

सहा वर्षं ते माझ्या टेबलामागे, दाराकडे तोंड करून.
उंदरांनी अर्धा पेंढा नेला.
एक पाय सुटला, तो मी सुतळीने बांधला.
नियमात बसत नाही.
पाठीवर तळहाताएवढी जागा, केस नसलेली,
गुळगुळीत.
तिथे एकदा बोट ठेवलं. पुन्हा नाही.

घरी अर्धा लिटर येतं, तबेल्याचंच,
पिशवीतलं पाणचट लागतं बायकोला.
चहा सोडला मी, असं लिहिता आलं असतं
तर बरं दिसलं असतं.

निकाल गेल्या मंगळवारी लागला.
चारशे एकोणतीस टिकलं नाही.
न पाजणं म्हणजे मारणं नव्हे, वकील म्हणाले,
आणि मालकाचं नाव तर कागदात कधी आलंच नव्हतं.
उमापने कबूल केलं तेवढ्यापुरता दंड, पन्नास रुपये.
कायदा साठ सालचा, तेव्हा पन्नासला वजन होतं.
त्याने शंभराची नोट काढली, कोर्टात सुट्टे नव्हते,
मी दिले.

आदेशाची शेवटची ओळ छापील असते:
'मुद्देमाल मूळ मालकास परत करावा.'

रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. रिक्षावाला आरशातून बघत होता.
रामउजागीर गावी गेला, म्हणे, कायमचा.
नवा पोरगा कानातलं काढून म्हणाला, कुठली म्हैस?
सहा वर्षांपूर्वीची? आटली की देवनार.
सेठ? सेठ परगावी.

मी उभा, एका हातात ते, दुसऱ्यात पोहोचपावती,
'मिळाले' या शब्दापुढे रिकामी रेघ.

दावणीतल्या माना एकेक करून वळल्या.
शेवटच्या खुंट्याची उठून उभी राहिली,
मान लांबवली, जीभ काढली.
दावं पुरेना तिचं.

मीच दोन पावलं पुढे झालो.