टेपच्या खाली

अताउरोच्या पूर्वेला उतार अचानक काळा होतो,
त्याच्या अलीकडे पन्नास मीटर टेप अंथरायची.
दर अर्ध्या मीटरवर थांबायचं
आणि टेपच्या बरोबर खाली जे असेल ते लिहायचं.
शेजारचं नाही. आवडलेलं नाही. खालचं.

पाण्यात टिकणारी पाटी, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल.
क म्हणजे कठीण पोवळं, म म्हणजे मऊ,
च चुरा, व वाळू.
प म्हणजे पांढरं पडलेलं. जगायचं की नाही
हे त्याचं त्यालाही अजून ठरवता आलेलं नसतं.

टेपचं दुसरं टोक एर्मेलिंडाच्या हातात.
वय विचारलं तर म्हणते,
पोर्तुगीज गेले तेव्हा मला दोन मुलं होती.
डोळ्यांवर लाकडी चष्मा, कडेला राळ.
वडिलांनी कोरताना नाकापाशी चूक केली,
ती चूक आता तिच्या चेहऱ्याला नीट बसली आहे.
एका दमात खाली येते
आणि माझ्या पाठीवरच्या सिलिंडरकडे बघते,
लग्नात फार दागिने घालून आलेल्या बाईकडे बघावं तशी.

वर होडीत तिचा भाऊ झाकारियास
पाणी उपसतोय.

पहिली रेघ: क क म क क व क.
दुसरीत एक प, आणि कपारीतून एक वाम
तोंडाची उघडझाप करत आमची झडती घेत होती.
तिसरी रेघ, जिथे रिसॉर्टची जेट्टी येणार.
कंपनीच्या नकाशावर तिथे एक निळी काडी आहे.
पाण्याखाली होडी मावेल एवढा खळगा,
आणि त्यात मोडलेल्या काटक्यांसारखा
च च च च च च.

वर आल्यावर तिने चष्मा कपाळावर सरकवला.
हे भुकेचं वर्ष, म्हणाली.
बाटली, खत, रॉकेल, वात. माझ्यासमोर फेकली.
कुणी, ते बोलली नाही.
झाकारियासने उपसणं थांबवलं नाही.
डबा उजव्या हाताच्या दोन बोटांत.
तिथे दोनच आहेत.

पण तू पुरतं पाहिलं नाहीस, चल.

चुऱ्यात, टेपपासून चार बोटं दूर,
नखाएवढं पोवळं, तपकिरी, खरखरीत, जिवंत.
तिने टेपला हात घातला आणि सरकवली,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सरकवावं इतकीच.
क.
मी ती जागेवर आणली. च.
तिने पुन्हा. मी पुन्हा.
शेवटी श्वासासाठी तिला वर जावं लागलं, मला नाही.

मग एकटीच मोजत बसले, टेपच्या बाहेरची,
काटा लाल रेघेत जाईपर्यंत.

रात्री कंदिलाशी फॉर्म भरला.
तिसरी रेघ, शंभर जागा, जिवंत पोवळं चार.
हे खरं आहे, कुठेही शपथेवर सांगेन.
जेट्टीवाल्यांना नेमकं एवढंच खरं हवं होतं.
खाली 'शेरा' नावाचा रकाना, दोन ओळींचा.
तिथे लिहिलं: टेपबाहेर एकोणीस नवी.
मोजणी अपुरी.
तो रकाना कुणी वाचतं का, ठाऊक नाही.

किती म्हणालीस? अंधारातून झाकारियास.
एकोणीस.
तो बोटांवर मोजायला लागला, सातावर अडला.
माझे हात मागितले, दहा.
एर्मेलिंडा मासे साफ करत होती.
मान वर न करता
खवल्यांनी भरलेली दोन बोटं तिने पुढे केली.