उपसर्ग

परळीला गाडी बराच वेळ थांबते.
इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरनं फिरून
शेपटीला येऊन लागतं,
आणि झोपेतून उठलेला माणूस विचारतो,
"कामून हो, माघारी चालली का गाडी?"

गफार सर हेच दाखवायला आम्हाला
माडीच्या खिडकीशी उभं करतात.
अठ्ठावीस वर्षं पॉइंट्समन होते,
आता महिना दोनशे रुपयांत
इंग्रजी शब्दांना कपलिंग लावतात.
"डबे तेच. माणसं तीच.
पुढं काय जोडलं, तेवढं बघायचं.
हॅप्पीला अन लावला, गेली उलटी.
हा अन तुमचाच समजा, अनोळखीतला.
आणि बे तर आमच्या घरचा. बेकार, बेचैन, बेफिकीर,
दात यायच्या आधी शिकलात तुम्ही.
मग साहेबाच्या भाषेला काय भ्यायचं?"

फळ्यावर थर्मलची राख बसलेली असते,
खडूपेक्षा बारीक.
बोटानं लिहिलं तरी उमटतं.

मी मेडिकलवर कामाला आहे.
अँटी मला कुणी शिकवावा लागला नाही,
निम्मं कपाट त्याच्याच नावानं उघडतं.
री कळला भरतीचा फॉर्म तिसऱ्यांदा भरताना.
प्री म्हणजे आधी, पोस्ट म्हणजे नंतर.
मधल्याला काय लावतात, सर?
"दोघांच्या मधलं असेल तर इंटर.
एकट्याच्या आतलं असेल तर इंट्रा."
ते मी दोनदा लिहून घेतलं.

गेल्या मंगळवारी मिस आला.
मिसप्रिंट, मिसयूज, मिसफॉर्च्युन.
"कॅरेज म्हणजे?" सरांनी विचारलं.
"डबा!" मागून रुस्तुम ओरडला.
सर लिहायला लागले, आणि मधेच थांबून
तळव्यानं फळा पुसला.
माझ्याकडं नजर गेली की नाही, माहीत नाही.
"हा राहू द्या. परीक्षेत येत नाही."

घरी ट्रंकेत, साडीच्या घडीत,
अंबाजोगाईच्या दवाखान्याचं कार्ड आहे.
चार वर्षं मी ते नुसतं चित्रासारखं बघितलं,
कारण वाचून सांगणारे पुष्कळ होते.
सासू म्हणाली, खोट.
नणंद म्हणाली, पायगुण.
नवरा काहीच म्हणाला नाही,
आणि तेच सगळ्यात लांबपर्यंत ऐकू आलं.

त्या रात्री पेन्सिलीनं
मी शब्दाच्या पोटात एक उभी रेघ मारली.
मिस. कॅरेज.
कॅरेजखाली लिहिलं, वाहून नेणं.
नेलं होतं की मी. पाच महिने,
दोन घागरींसोबत, टाकीपासून घरापर्यंत.
मिसखाली पेन्सिल अडली.
वहीत आहे, चुकीचं, वाईट रीतीनं.
पण कुणाचं, ते मिस सांगत नाही.
चारच तर इंग्रजी अक्षरं, त्यातलं एक जुळं.
त्यात सासरचं आडनाव मावत नाही,
माझंही नाही.

हे लिहून बोटांवर मोजलं तर तीनच निघाली.
जुळं मीच कुठून तरी आणलं होतं.
खोडलं नाही. राहू दिलं.

कार्डाच्या डोक्यावर डिस्चार्ज छापलंय.
डिस म्हणजे काढून घेणं. चार्ज म्हणजे आरोपसुद्धा.
डॉक्टरच्या मनात हे नसणार.
मी मात्र वहीत लिहून ठेवलं,
खाली तारीख टाकून.

आपल्या भाषेत उपसर्ग म्हणजे त्रासही.
कुणाला उपसर्ग नको म्हणून
मी इतकी वर्षं हळू बोलत आले,
शब्दाच्या मागच्या मागं.

बुधवारी सर यायच्या आधी
मी फळ्यापाशी गेले, शब्द पुरा लिहिला.
"काय लिहायलीस?" रुस्तुम म्हणाला. "अर्थ सांग की."
डबा तू म्हणालास ते बरोबर होतं, म्हटलं.
पुढचं कुणी जोडलं, ते अजून बघायले.

खाली गाडीला हिसका बसला.
दारात सर उभे होते, चपला हातात.
पुसा म्हणाले नाहीत.