थांग

माझगावात, चिनी देवळाच्या पुढच्या गल्लीत
पहिल्या मजल्यावर अजून पाटी आहे:
डॉ. ताम. कवळ्या करून मिळतील.
डॉक्टर नाहीत, कवळ्याही नाहीत.
खुर्ची आहे, मागे कलणारी,
आणि दर शनिवारी साडेचारला
तिच्यात आळीपाळीने बसून
आम्ही सहाजण चिनी गाणं म्हणतो.

"आ करा," सुई-लान बाई म्हणतात,
आणि वडलांच्या इवल्या आरशात बघतात,
जीभ कुठे टेकते, कुठे घाबरते.

मी मस्जिद बंदरला क्लिअरिंग एजंटकडे.
निंगबोच्या माणसाचे व्हॉइस मेसेज कळावेत
म्हणून साहेबांनी पाठवलेली.
आमच्या घरात चीन लोणच्याच्या बरणीपुरता होता
आणि बासष्ट सालापुरता,
ज्यावर आजोबा मोठ्याने बोलत.

पहिला शब्द दिला त्यांनी: थांग.
सपाट धरला, तर सार.
चढवला, तर साखर.
खाली नेऊन उचलला, तर आडवं होणं.
वरून आपटला, तर चटका बसेल असं कढत.
मी म्हटलं, बाई, आमच्यात थांग म्हणजे
जो लागत नाही.
त्या हसल्या. वहीत लिहून घेतला,
देवनागरीत, पट्टीने शिरोरेषा ओढून.

मुर्तझाभाईंना यीवूहून कात्र्या आणायच्यात.
त्यांचं 'विकत घ्यायचंय' दर वेळी घसरतं
आणि 'विकायचंय' होतं.
"सूर उचला, शेठ,
नाहीतर आहेत त्या कात्र्याही जातील."

गाणं बाईंनीच रचलंय, वर्गापुरतं:
साखर संपली, सार निवलं,
चंद्र कौलांवर आडवा झाला,
अजून कोण यायचंय जेवायला?

तिसऱ्या शनिवारी हेरंबने पकडलं.
(अकरावीत आहे, त्याला सगळंच पकडायचं असतं.)
चाल चढते नेमकी तिथे शब्द पडायला हवा,
मग गाताना खरं कोण?
बाईंनी पेटीचा भाता मिटला.
"चाल. गाण्यात शब्द आपली उंची
दाराशी काढून आत येतो, चपलांसारखी.
शेजारी कोण बसलंय त्यावरून ओळखायचा."
मग चार महिने आम्ही सूर घोटले ते कशाला,
असं कुणीच विचारलं नाही.
मला विचारायचं होतं.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला त्यांनी
साच्यातले गोल केक आणले, चवळीच्या सारणाचे.
"आज आमच्यात सगळे एकत्र जेवतात."
मी म्हटलं, आमच्यात उद्यापासून पितृपक्ष.
"मग तुमचेही येतातच की," त्या म्हणाल्या
आणि एक केक खिडकीत ठेवला.

ते दोघं गेल्यावर, मुर्तझाभाई आणि हेरंब,
मी खुर्चीत तशीच कललेली.
बाई बशा विसळत होत्या. म्हणाल्या,
"ही भाषा मीसुद्धा कॅसेटवर शिकले, चाळिशीत.
आमच्या घरची वेगळी. तिच्यात सूर सहा की नऊ,
यावर बाबा आणि काका भांडायचे.
तिच्यात चाल शब्दाला विचारून पाऊल टाकते."

ती शिकवाल?

"कुणाला लागते? निंगबोला चालत नाही."

बासष्टला बाबा त्यातलं एक गाणं
ड्रिल सुरू करून म्हणायचे.
पेशंटला फक्त घरघर ऐकू जायची.
आठ वर्षांच्या मुलीला, पडद्यामागे, दोन्ही.

मग नळ बंद करून त्या गायल्या.
पेटी नाही, ओले हात तसेच पुढे धरलेले.
एक शब्द ओळखीचा वाटला,
थांगसारखा, पण ओठ गोल करून, थोंग.
सार होतं की साखर, कळलं नाही.
विचारलं नाही.

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.
गाणं संपल्यावर लक्षात आलं,
माझं तोंड मघापासून उघडं आहे.
कुणी आ करा म्हटलं नव्हतं.