कुंपणातली फट

मारेगावच्या पुढे, तेहेतीस केव्हीच्या उपकेंद्रात
रात्रपाळी म्हणजे ट्रान्सफॉर्मरची एकसुरी घूं,
तासातासाला रजिस्टरात अँपिअर लिहिणं,
आणि मधल्या वेळात मी
कुठल्याशा थंड देशातल्या
चौथ्या विभागातल्या क्लबचा मॅनेजर.

खेळाडूंची नावं जिभेवर ठरेनात,
म्हणून मीच बारशी केली.
गोलकीपर धुऱ्या, कारण तो हलत नाही.
मधला उंच बचावपटू मास्तर. उडी सतरा, बाकी सगळं विसात सहा.
मुनीम चौतिशीचा, पळत नाही,
पण चेंडूचा हिशेब त्याच्याकडे असतो.
आणि पुढे एकटा गोऱ्हा:
वय एकोणीस, वेग अठरा, अक्कल चार.

नवा माणूस घ्यायला बजेट शून्य.
मोठ्यांची नक्कल करत वर चढून खेळलो
तर पाच-शून्य, सहा-एक,
एकदा तर मध्यंतरालाच चार.

पैकूजी मडावी, आमचे लाइनमन,
फुटबॉल त्यांनी पाहिला तो माझ्याच स्क्रीनवर, ठिपक्यांचा.
तंबाखू मळता मळता म्हणाले,
"सारंच कुंपण काऊन आवळतं बावा?
डुक्कर कुठून ना कुठून येतेच.
एक फट तूच ठेव.
अन् तिथंच बसून राय."

एवढंच. बाकीचं मी बसवलं.
पाच जण मागे, ओळ खाली,
मधला दरवाजा बंद,
उजवी बाजू मुद्दाम उघडी.
मारा म्हणावं तिथून क्रॉस, किती मारता;
आत मास्तर उभे आहेत.
चेंडू सुटला की मुनीम, एकच लांब पास,
आणि गोऱ्ह्याचं दावं सोडायचं.
थ्रो-इनला घाई नाही.
गोलकिकला धुऱ्यानं
देवळाबाहेर हरवलेली चप्पल शोधावी तसा वेळ घ्यायचा.

एक नियम पैकूजींचा:
हरलेला सामना पुसून पुन्हा खेळायचा नाही.
"मंग जिंकलं तं कोनाले सांगशीन?"

आज कप. समोर पहिल्या विभागातले धनवान.
पंचावन्नावं मिनिट, त्यांचे शॉट सतरा, आमचा एकही नाही,
गोलफलकावर दोन शून्यं शेजारी शेजारी,
आणि हिवरा फीडर ट्रिप.

बाहेर डिसेंबर. हरभऱ्याला पाणी लावून बसलेल्यांचे
फोनवर फोन.
पैकूजींनी कानटोपी चढवली, सीडी मोटरसायकलला बांधली.
मी ब्रेकर उघडला, आयसोलेटर उघडला, अर्थिंग केलं,
परमिट लिहिलं, वेळ लिहिली बारा दहा,
आणि हँडलला पाटी अडकवली:
माणसं काम करीत आहेत.

लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे फिरवलं.
थांबवायचं सुचलं नाही. तिकडे माणसं आपली पळत असणार.
मी खुर्ची ओढून पॅनेलसमोर बसलो.
फोन आले. "साहेब, सोडा ना लाइन, पाच मिनिटं."
नाही.
"सरपंच बोलून रायलो."
नाही.
कोणी गोडीनं, कोणी आईवरून.
हात मांडीखाली घालून बसलो.
चुकून माझाच हात उठायला नको.

बारा पन्नास. पैकूजींचा आवाज, धापा टाकत:
"जंप तुटला होता. जोडला. उतरलो खाली.
अर्थिंग काढलं. दे आता."
नंबर विचारला, नाव विचारलं,
रोजचा माणूस, तरी पुन्हा विचारलं.
मग हँडल.
हिवऱ्याकडे अंधारात दिवे लागले, एका ओळीत नव्हे,
इकडे एक, तिकडे चार.

लॅपटॉप फिरवला.
सामना केव्हाच संपलेला.
त्यांचे शॉट एकतीस. आमचा एक, तोही बारवरून.
शून्य-शून्य.
पुनर्सामना बुधवारी, आपल्या मैदानावर.

दीड वाजता पैकूजी आले,
पँटीला कुसळं, बोटं गारठलेली.
हीटरपाशी हात धरून विचारलं,
"काय झालं?"

"काहीच नाही झालं, पैकूजी."

कुसळं एकेक उपटत
ते जरा वेळ हसले.
"मंग बरं झालं."