सात बाप

बिश्केकच्या वनस्पतीसंग्रहात जानेवारीत
हीटर मनात आलं तर चालतो.
मी कोट घालूनच बसते.
समोर कागद: १९६१, नारिनच्या वरची उतरण,
गोळा करणाऱ्याचं नाव ओल लागून फुटलेलं
आणि खाली, ठाम अक्षरात, जातीचं नाव.
छत्रीसारखा फुलोरा, पिवळ्याचा तपकिरी झालेला.
हिंगाचा भाऊबंद.
साठ वर्षांनीही वास बोटांना चिकटतो.

हे कुळच तसं.
पुलावात पडतं ते जिरं यातलं, गाजरही यातलं,
आणि ओढ्याकाठचं ते मूळ,
जे खाऊन गाय दुपारच्या आत आडवी होते, तेही.
जुन्या लोकांनी फळांचे कंगोरे मोजून नाती लावली.
बरंचसं बरोबर निघालं.

मी नखाएवढं पान खुडते, पेशी फोडते,
आणि त्या सगळ्या राशीतून एकच जागा मागते:
रायबोसोमच्या जनुकांमधली पट्टी.
एकेका पेशीत शेकडो वेळा तीच,
घोकून घोकून लिहिल्यासारखी.
यंत्र जुळताना तिला कापून टाकतात.
शेजारच्या जनुकांना चुकायची मुभा नाही,
हिला थोडी आहे.
म्हणून पिढ्यांच्या चुका हिच्यात साचतात,
सहाशे-साडेसहाशे अक्षरांत.

आमच्याकडे पोराला सात बाप यावे लागतात.
वडील मला घोडीवर पुढे बसवून म्हणून घ्यायचे:
जोलचुबेक, सादिर, एशिम...
चुकलं की लगाम खेचायचे.
मी मुलगी, पुढच्या कुठल्याच यादीत मी येणार नव्हते,
तरी शिकवलं.
एकदा विचारलं, आणि यांच्या आया?
म्हणाले, वारा सुटलाय, टोपी ओढ खाली.

आज पडद्यावर चार रंगांची शिखरं आली.
एकशे बाराव्या जागी दोन, एकावर एक,
लाल आणि निळं.
मळ असेल म्हटलं. नव्या नळीत परत लावलं.
परत दोन.
पुढे अजून चौदा जागी तसंच.
खिंडीच्या अलीकडची जात आणि पलीकडची,
दोघींच्या ओळी शेजारी मांडल्या.
प्रत्येक जोडीतलं एक अक्षर हिचं, एक तिचं.

लेबल खोटं नव्हतं. अर्धं होतं.

पिढ्या सरल्या की या प्रती एकसारख्या होत जातात,
बऱ्याचदा एक बाजू दुसरीला गिळते.
या झाडाला तेवढा वेळ मिळाला नाही.
दोघांतलं कुणी पुसलं जायच्या आत
कुणीतरी उपटलं, वर्तमानपत्रात दाबलं.
आई कोणती, बाप कोणता,
ते ही पट्टी सांगत नाही.
दोघं होते, एवढंच.

नोंदवहीत लिहिलं: संकर.
पुढे प्रश्नचिन्ह, कारण झामिलाबाई विचारतीलच.
चहा गार झालाय.
वडिलांना फोन लावला,
रात्री त्या दरीत रेंज नसते.
सादिरच्या आईचं नाव
उद्या विचारीन.