ओलं घेत नाहीत

बुधवारी सकाळी सातच्या आत
पिंप रस्त्याच्या कडेला,
मूठ घराकडे, तोंड रस्त्याकडे,
पत्रपेटीपासून तीन फूट लांब.
टोलीडोत अठरा वर्षं राहून
एवढं तरी मला पाठ झालंय.

पण गॅरेज?
गॅरेज हेरंबचं होतं.
तो गेला टूसॉनला, कोरड्या हवेच्या गावी,
दोन बॅगा आणि कॉफीचं यंत्र घेऊन.
बाकीचं तुला ठेव, म्हणाला,
जशी काही देणगीच.

बर्फाचे चार टायर,
ज्यांची गाडी विकून सहा वर्षं झाली.
एक बॅटरी, कडांना पांढरी बुरशी आलेली.
शेगडीचा सिलिंडर,
हलवला की आत अजून थोडंसं काहीतरी बोलतो.
बोलिंगचा चेंडू, तीन भोकांचा, गळक्या बादलीत.
आणि रंगाचे अकरा डबे.

असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात,
इथे खोळंबा कसला, नुसतीच अडचण.
मिरजेत असते तर भंगारवाला आला असता,
तागडीत टाकून वर चार पैसे देऊन गेला असता,
मापात मारलं म्हणून मी दारात भांडलेही असते.
इथे नेणाऱ्यालाच पैसे मोजायचे,
तेही तो हो म्हणाला तर.

सिटीला फोन लावला.
डार्लीन नावाची बाई, आवाज नर्ससारखा.
टायर? नाही, मॅम.
बॅटरी? दुकानात परत द्या.
सिलिंडर? मुळीच नको,
गाडीत दाबला गेला की फुटतो,
आमच्या एका ड्रायव्हरच्या भुवया गेल्यात.
चेंडू?
ती थांबली. कुणाला तरी विचारून आली.
चेंडू चालेल.
तळाशी ठेवा फक्त.

मग धीर करून विचारलं,
देवाची फुलं? सुकलेली?
फुलं म्हणजे अंगणातला कचरा, ती म्हणाली,
कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून.
आणि मी अठरा वर्षं निर्माल्य
मॉमी नदीत सोडत आले,
पुलावरून, चोरासारखी,
गाडीचं इंजिन चालू ठेवून.

रंग ओला आहे का?
फोन खांद्यात धरून
एकेक झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं.
दहा आपोआप दगड झाले होते.
अकराव्यावर जाड साय, सायीखाली पिवळा.
हळदीचा नव्हे, लोण्याचाही नव्हे,
ज्याच्यावरून आम्ही तीन रविवार भांडलो, तो.
भिंत एकच झाली.
बाकीच्या तीन अजून पांढऱ्या आहेत.

ओला आहे, म्हटलं.
ओलं घेत नाहीत, हनी.
मांजराची वाळू कालवा, झाकण काढून उन्हात ठेवा,
कडक झाला की नेतील.
किती दिवस लागतील?
ते रंगावर आहे, ती म्हणाली,
आणि मला वाटतं ती आणखी काही म्हणणार होती,
पण दुसऱ्या लाइनवर कुणीतरी होतं.

वाळू शेजारच्या मिसेस कोवाल्चिकनी दिली,
अर्धी गोणी, काही न विचारता.
आणि वाळूमागोमाग त्यांची कापुस्ता आली,
जाडी, पांढरी, हक्काची.
तिला वाटलं, तिच्यासाठीच मांडलंय.
मी ओरडेपर्यंत पुढचे दोन्ही पाय आत.
उकरलं, हुंगलं, पसंत पडलं नाही,
आणि शेपटी वर करून
ड्राइव्हवेवरून आपल्या घरी गेली.

बुधवारी गाडी आली.
लोखंडी हाताने पिंप उचललं, उलटं केलं,
चेंडू आत गडगडला तो तीन घरं ऐकू गेला.
पिवळा दगडही गेला.

पावलं राहिली.
सतरा, मोजली मी,
कुंपणापर्यंत फिकट होत गेलेली.
ब्रशने घासली, व्हिनेगर ओतून घासली.
मग फ्रिजवरची सिटीची यादी काढून पाहिली:
काँक्रीट घेत नाहीत.